मुंबईच्या उकाड्यात कॉम्प्युटर थंड ठेवायचा तर: कॅबिनेटमधल्या पंख्यांची मांडणी

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट बघायला गेलं की दुकानदार आधी पंखे मोजून दाखवतो. चार, सहा, काहींत त्याहूनही जास्त, आणि सगळे काचेतून चमकणारे. पंखे किती, हा प्रश्न खरं तर शेवटी यायला हवा. हवा कुठून आत येणार, कशाकशावरून जाणार आणि कुठून बाहेर पडणार हे एकदा ठरलं की आकडा आपोआप निघतो. घरगुती कॉम्प्युटरसाठी तो बहुतेक वेळा तीन किंवा चार असतो.

खाली ज्या क्रमाने दिलंय त्याच क्रमाने करा. पहिली पायरी गाळून थेट पंखे विकत घेतले तर पैसे जातील आणि तापमान तिथेच राहील.

पायरी १: काच काढून बघा

पंखा कुठलीही वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हे लक्षात न घेता आपण परदेशी व्हिडिओ बघतो, जिथे खोली २०-२२ अंशांवर असते, आणि तिथला ६५ अंशांचा आकडा आपल्याकडे का येत नाही म्हणून हैराण होतो. मुंबईत मे महिन्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंश असतं आणि रात्रीही पारा २७ च्या खाली फारसा उतरत नाही. ऑक्टोबरची दुपारही तशीच. वरच्या मजल्यावरची, तापलेल्या स्लॅबखालची खोली तर त्याहून गरम. म्हणजे त्यांचे ६५ ते आपले ७७, आणि दोन्ही कॉम्प्युटर सारखेच निरोगी. म्हणून नुसतं तापमान लिहू नका. खोलीपेक्षा किती अंश वर आहे ते लिहा.

एक साधा थर्मामीटर टेबलावर ठेवा. कॉम्प्युटरवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका. नेहमीचा जड गेम किंवा व्हिडिओ रेंडर अर्धा तास चालवा आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड व खोली, तिन्हींचे आकडे टिपून घ्या. मग कॅबिनेटची बाजूची काच काढा आणि तेच पुन्हा करा.

काच काढल्यावर दोन-तीन अंशांचाच फरक पडला, तर तुमच्या कॅबिनेटमधली हवा ठीक फिरते आहे. तरीही प्रोसेसर तापत असेल तर दोष त्याच्यावरच्या कूलरचा किंवा वाळलेल्या थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायच्या मलमाचा) आहे, आणि आणखी पंखे लावून काही होणार नाही. फरक आठ-दहा अंशांचा असेल तर डबा गुदमरतोय. पुढचं सगळं अशा कॅबिनेटांसाठी.

घाबरण्याआधी मर्यादाही माहीत असू द्या. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले आहेत. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांची सीमा १०० च्या आसपास असते. गेम खेळताना प्रोसेसर ७५-८० वर असेल तर मुंबईत ते अगदी सामान्य आहे. आणि दमट हवेचा धसका नको. आपल्याला उकडतं ते घाम वाळत नाही म्हणून. प्रोसेसरला घाम येत नाही, त्याला हवा कोरडी की दमट याने जवळजवळ फरक पडत नाही. दमटपणाचा त्रास वेगळा आहे, धुळीच्या बाबतीत. त्याकडे नंतर येऊ.

पायरी २: डबा कुठे ठेवलाय

आपल्या घरांत जागा कमी, म्हणून कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात जातं. तीन बाजूंनी प्लायवूड, पाठीमागे भिंत, पुढे कधी कधी दारही. मागून निघालेली गरम हवा त्याच कप्प्यात घुटमळते आणि पुढून परत आत ओढली जाते. अशा कप्प्यात महागडे पंखे लावणं म्हणजे तीच तापलेली हवा जास्त वेगाने फिरवणं. आधी कप्प्याची मागची फळी काढा, किंवा सुताराकडून तिला मोठं भोक पाडून घ्या. ते शक्य नसेल तर कॅबिनेट कप्प्याबाहेर, टेबलाच्या शेजारी आणा. मागे भिंतीपासून किमान १०-१५ सेंटीमीटर जागा सोडा आणि वरच्या जाळीवर वह्या, राउटर, कपडे काही ठेवू नका.

जमिनीवर थेट ठेवू नका. खालून हवा ओढणाऱ्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, केर जातो. शिवाय हिंदमाता, सायन, कुर्ल्यासारख्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांना पावसाळ्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. चार-सहा इंचांचा लाकडी पाट पुरतो.

स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच असेल तर कॅबिनेट ओट्यापासून जितकं दूर जाईल तितकं बरं. फोडणीचा तेलकट धूर फिल्टरवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात तिचा चिकट पापुद्रा होतो, जो फुंकरीने निघत नाही.

पायरी ३: किती हवा लागते

कॉम्प्युटर जितकी वीज खातो तितकी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर पडते. एक सर्वसाधारण गेमिंग मशीन घेऊ: ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा रायझन, जो पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत जातो, १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० कार्ड, आणि बाकी सगळं मिळून चाळीसेक वॅट. एकूण साधारण ३०० वॅट.

आता ही उष्णता वाहून नेणारी हवा मिनिटाला ४० घनफूट असेल, तर आतली हवा खोलीपेक्षा सुमारे १४ अंश तापते. ८० घनफूट केली तर ७ अंश. १६० केली तर साडेतीन. म्हणजे पहिल्या दुपटीत सात अंश वाचले, दुसऱ्या दुपटीत जेमतेम साडेतीन, आणि पुढे फायदा असाच निम्मा निम्मा होत जातो. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या खोक्यावर ५०-६० घनफूट लिहिलेलं असतं, पण तो आकडा मोकळ्या हवेतला. जाळी आणि फिल्टरच्या मागे त्यातलं बरंच कमी होतं. हा हिशेब बघितला की दोन पंखे आत आणि एक बाहेर ही मांडणी बहुतेकांना का पुरते, आणि सहावा पंखा फक्त शोभेचा का असतो, ते कळतं.

पायरी ४: पंख्याची दिशा ओळखा

पंखा हातात घ्या. एका बाजूला पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटरला धरून ठेवणाऱ्या तीन-चार दांड्या आणि बहुधा कंपनीचं लेबल असतं. हवा मोकळ्या बाजूने आत जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही पंख्यांच्या कडेला बाणही कोरलेले असतात: एक हवेची दिशा, एक पात्यांची.

अपवाद एकच, उलट पात्यांचे पंखे. काचेच्या पेटीसारख्या कॅबिनेटांत बाजूने आणि खालून हवा आत घेताना दांड्यांची कुरूप बाजू दिसू नये म्हणून ते बनवतात. त्यांच्यात हवा दांड्यांकडून मोकळ्या बाजूकडे जाते. शंका असेल तर पंखा चालू करून टिश्यू पेपरचा कपटा समोर धरा. चिकटला तर ती बाजू हवा ओढते, उडाला तर फेकते.

पायरी ५: कुठला पंखा कुठे

चाळीतल्या खोलीत दार आणि खिडकी समोरासमोर असली की वारा खेळतो, आणि दोन्ही एकाच भिंतीत असली की नुसतं कोंदटतं. कॅबिनेटचंही तेच. हवा पुढून खालून यावी आणि मागून वरून जावी.

सुरुवात मागच्या एका पंख्याने करा. प्रोसेसरच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, बाहेर फेकणारा. बहुतेक कॅबिनेटांत तो आधीच असतो. प्रोसेसरवर उभा टॉवर कूलर असेल तर त्याचा पंखा रॅमच्या बाजूला लावून मागच्या पंख्याकडे फुंकेल असा ठेवा, म्हणजे दोघे एका रेषेत येतात. हा कूलर उलटा बसवलेला बऱ्याच घरांत सापडतो: कूलर पुढे फुंकतोय, पुढचे पंखे मागे, आणि गरम हवा मधल्या मध्ये अडकलेली.

मग पुढचे दोन, आत ओढणारे. इथे थोडं थांबून विचार करा, कारण फरक इथेच पडतो. गेमिंगच्या मशीनमध्ये सर्वांत जास्त उष्णता ग्राफिक्स कार्ड ओकतं, आणि दोन-तीन पंख्यांची आजची कार्डं ती उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात. म्हणून पुढच्या पंख्यांपैकी एक तरी कार्डाच्या उंचीवर, किंवा किंचित खाली हवा. पण अगदी तळालाही नको. खाली एसएमपीएसचं झाकण असेल तर तळातल्या पंख्याची निम्मी हवा त्या झाकणाखाली वाया जाते. तीन जागा असतील आणि पंखे दोनच असतील तर मधली आणि वरची जागा घ्या किंवा मधली आणि खालची, दोन्ही करून बघा आणि कार्डाचं तापमान जिथे कमी येईल तिथे ठेवा. पुढे जुन्या हार्ड डिस्कचा पिंजरा रिकामा असेल तर तो काढून टाका.

पुढचा भाग सलग काचेचा असेल आणि कडेला बोटभर फट असेल, तर त्यामागे तीन पंखे लावूनही ते श्वास घेऊ शकत नाहीत. ही पुढची काच काढून चाचणी करा. फरक मोठा आला तर माझं मत स्पष्ट आहे: पंख्यांवर खर्च करू नका, ते पैसे जाळीदार पुढच्या बाजूच्या कॅबिनेटसाठी ठेवा. जिथे फिल्टर किंवा रेडिएटर (लिक्विड कूलरची पत्र्यांची जाळी) दाट आहे तिथे जास्त दाबाचा पंखा घ्या. खोक्यावर तो दाब पाण्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. नुसत्या जाळीमागे साधा पंखा चालतो.

हे तीन झाले की चाचणी करा. बहुतेकांनी इथेच थांबावं.

चौथा हवाच असेल तर तीन पर्याय आहेत. कार्ड तापत असेल आणि खाली जागा असेल तर तळातून आत ओढणारा पंखा थेट कार्डाच्या पोटावर हवा मारतो. तसं नसेल तर पुढे तिसरा. प्रोसेसर तापत असेल तर वर, पण मागच्या बाजूच्या जागेत, बाहेर फेकणारा. वरच्या पुढच्या जागेत बाहेर फेकणारा पंखा लावू नका. पुढून आत आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो वर खेचून नेतो. “गरम हवा वरच जाते” असं सांगून छतावर तीन पंखे लावून देणारे भेटतात. गरम हवा आपल्या आपण वर जाते ती फार सावकाश. एक छोटा पंखाही त्या ओढीवर सहज मात करतो. त्यामुळे वर लावणं सक्तीचं नाही, मार्ग सलग असणं सक्तीचं आहे.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवा. उलट झालं तर कॅबिनेट प्रत्येक फटीतून, कार्डांच्या पट्ट्यांमधून, यूएसबीच्या भोकांतून हवा ओढतं, आणि तिथे फिल्टर नसतो. रस्त्यावर बांधकाम, मेट्रोचं काम, शेजारी इमारतीचा पुनर्विकास, अशा शहरात ही धूळ लहान गोष्ट नाही. फिल्टरमुळे आत येणारी हवा घटते हेही धरा: दोन आत आणि दोन बाहेर ही मांडणी कागदावर समान दिसते, प्रत्यक्षात बाहेर फेकणारी ठरते. पंख्याशेजारच्या रिकाम्या जाळ्या पुठ्ठा आणि टेपने बंद करा, नाहीतर फेकलेली हवा बाजूच्याच भोकातून परत येते.

एसएमपीएस तळाला असेल आणि खाली जाळी व फिल्टर असेल तर त्याचा पंखा खाली तोंड करून लावा. तळाला जाळी नसेल तर वर.

लिक्विड कूलर (प्रोसेसरची उष्णता द्रवातून रेडिएटरकडे नेणारा) असेल तर

रेडिएटर वर लावून हवा बाहेर फेकली तर कार्डाला ताजी हवा मिळते, प्रोसेसर दोन-चार अंश जास्त तापतो. पुढे लावून आत ओढली तर उलट. गेम खेळणाऱ्याने वर लावावा. पुढे लावायचाच असेल तर रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहायला हवं, कारण आतली हवा सगळ्यात उंच जागी साठते आणि ती जागा पंप असता कामा नये. तळाशी रेडिएटर म्हणूनच नको.

पायरी ६: वायरी

तीन पिनचा पंखा व्होल्टेज कमी-जास्त करून चालतो, चार पिनचा पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या पिनवरून मिळणाऱ्या वेगाच्या इशाऱ्यावर. तीन पिनचा पंखा चार पिनच्या जागेत बसतो, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ती जागा डीसीवर, म्हणजे व्होल्टेजच्या पद्धतीवर, ठेवायला विसरलात तर तो कायम पूर्ण वेगाने ओरडत राहतो. कूलरचा पंखा मदरबोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच लावा, नाहीतर मशीन सुरू होताना पंखा नसल्याची तक्रार करेल.

मदरबोर्डची एक जागा साधारणपणे १ अँपिअर देते. एक पंखा बहुधा ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो, म्हणून स्प्लिटरवर दोन-तीन चालतात. त्याहून जास्त असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरीवर चालणारा हब घ्या. स्वस्त कॅबिनेटांतले पंखे बरेचदा थेट एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनच्या वायरीवर असतात. त्यांचा वेग बदलता येत नाही.

पंख्यांतल्या रंगीत दिव्यांची वायर वेगळी असते आणि तिथे चूक महागात पडते. तीन पिनची ५ व्होल्टची वायर चार पिनच्या १२ व्होल्टच्या जागेत दाबून बसवली तर दिवे जळतात. मदरबोर्डवर व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते वाचून मगच लावा.

पंख्याचे जाड स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःची आटी पाडत जातात. पहिल्यांदा जोर लागतो, पण स्क्रूड्रायव्हर सरळ धरा आणि शेवटी आवळू नका. वायरी मदरबोर्डच्या मागच्या बाजूने न्या. त्याने हवेत फार फरक पडतो असं नाही, पण पात्यात वायर अडकून पंखा बंद पडायचा धोका टळतो.

पायरी ७: वेग

पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकाच वेगाचा दुसरा पंखा जोडला तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा २००० फेऱ्यांनी पळवण्यापेक्षा दोन-तीन ९०० वर फिरवणं कधीही बरं, विशेषतः एकाच खोलीत आई-बाबा झोपलेले असताना.

बायोसमधली तयार वेगरेषा (कुठल्या तापमानाला पंख्याचा किती वेग, ते ठरवणारी) आपल्या हवामानासाठी आखलेली नसते. ४० अंशांना वेग चढवणारी रेषा मुंबईत कामाची नाही, कारण इथे मशीन नुसतं चालू असताना प्रोसेसर ४५ वर असतो आणि पंखे विनाकारण वर-खाली होत राहतात. ५५ अंशांपर्यंत ३५-४० टक्के, ७० ला ६५ टक्के, ८० च्या पुढे पूर्ण, इथून सुरुवात करा. वेग बदलण्याआधी तीन-पाच सेकंद थांबण्याची सोय बऱ्याच बायोसमध्ये असते, ती चालू करा. तीन पिनचे काही पंखे ४० टक्क्यांखाली सुरूच होत नाहीत, तेही बघून घ्या. गेम खेळत असाल तर कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधणं जास्त शहाणपणाचं. बायोसमध्ये ते सहसा जमत नाही, विंडोजवरचं फॅनकंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर करतं.

आता पहिल्या पायरीची चाचणी पुन्हा करा. अंधाऱ्या खोलीत, सीलिंग फॅन बंद करून, पेटती उदबत्ती पुढच्या जाळीपासून वीतभर लांब धरलीत तर धूर कुठून शिरतो आणि कुठून निघतो ते टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसतं. मागून निघालेला धूर वळून पुढे येत असेल तर कॅबिनेट भिंतीपासून आणखी पुढे घ्या. हे एकदाच करा, धुराची काजळी आत साठवायची नाही.

धूळ

दमट हवेत धूळ सुटी राहत नाही, पात्यांच्या कडांवर आणि कूलरच्या पत्र्यांमध्ये घट्ट बसते. वर्सोवा, वरळी, कुलाब्याला समुद्राकडे खिडकी असेल तर खारी हवा स्क्रू आणि पत्रा गंजवते. तिथे काच काढून, टेबल फॅन लावून मशीन चालवण्याची सवय नको. खोली गार करणारा पाण्याचा कूलर तर कॉम्प्युटरच्या आसपासही नको.

फिल्टर दर तीन-चार आठवड्यांनी काढून झटका. तेलकट झाला असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा. आतून सफाई वर्षातून दोनदा पुरते: एकदा मेमध्ये, एकदा दिवाळीच्या साफसफाईत. वायर काढा, मशीन बाल्कनीत किंवा जिन्यात न्या, हातातला ब्लोअर वापरा. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो नेमून दिलेल्या वेगाच्या कितीतरी पुढे पळतो आणि बेअरिंग खराब होतं. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरची नळी सर्किटजवळ नेऊ नका, तिच्यातून स्थिर विजेचा झटका बसू शकतो.

पावसाळ्यात धुतलेला फिल्टर वाळायला रात्र जाते. ओला परत लावू नका आणि फिल्टर नसताना मशीनही चालवू नका. जाळीदार नायलॉनचं कापड मापाने कापून एक जादा फिल्टर करून ठेवलात तर दोन्ही प्रश्न सुटतात.